पुस्तक मिटल्यानंतरचे बोलणे: मुले, मोठी माणसे आणि मराठी बालसाहित्य

अक्षरवेळ

मराठी बालसाहित्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन वाटांपैकी एकीने जाते. हल्लीची मुले वाचत नाहीत ही तक्रार तरी होते, नाहीतर कोणत्या वयाला कोणते पुस्तक द्यावे याची यादी मागितली जाते. मुलाने पुस्तक वाचून मिटले, की त्याच्याशी त्याविषयी कोण बोलते आणि काय बोलते, याकडे फारसे कोणी वळत नाही. याद्यांचे धागे या चर्चामंचावर पुष्कळ आहेत. हा धागा त्या पुढच्या बोलण्यासाठी काढला आहे.

ठाण्यातील आमच्या वसाहतीत आम्ही काही पालक मिळून रविवारी सकाळी मुलांचे वाचनमंडळ चालवतो. दुसरीपासून सातवीपर्यंतची मुले येतात आणि त्यांतील बरीचशी इंग्रजी माध्यमात शिकणारी आहेत. पुस्तके मिळवणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा आहेत, आणि देखणी मराठी चित्रपुस्तकेही आता दुकानांत दिसतात. कठीण आहे ते त्यानंतरचे. मुलाच्या हातातले पुस्तक मिटले की मोठ्यांच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो, तो जवळजवळ नेहमी परीक्षेतलाच असतो: या गोष्टीवरून तू काय शिकलास? चुणचुणीत मूल ‘खोटे बोलू नये’ किंवा ‘मोठ्यांचे ऐकावे’ असे साच्यातले उत्तर देऊन आपली सुटका करून घेते, आपल्यालाही समाधान वाटते, आणि त्या गोष्टीत त्या मुलाला खरोखर काय दिसले होते ते कोणालाच कळत नाही.

ही सवय जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या. मुलांसाठी छापलेल्या मराठी गोष्टीचा संबंध तेव्हापासूनच शाळेशी आणि नीतिबोधाशी जुळलेला आहे, आणि गोष्टीच्या शेवटी तात्पर्याची ओळ नसली तर काहीतरी राहून गेल्यासारखे आपल्याला अजूनही वाटते. तात्पर्य वाईट असते असे माझे म्हणणे नाही. मात्र ते आधीच ठरलेले असते, आणि उत्तर ठरलेले असेल तेथे बोलण्यासारखे काही उरत नाही.

ब्रिटिश लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी १९९३ मध्ये मुलांशी पुस्तकांविषयी कसे बोलावे यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांनी सुचवलेले मूळ प्रश्न अगदी साधे आहेत: काय आवडले, काय आवडले नाही, कशाचे कोडे पडले, आणि एकमेकांशी जुळणाऱ्या कोणत्या गोष्टी दिसल्या. मूल काही बोलले की लगेच ‘का’ असे विचारू नये, असाही त्यांचा सल्ला आहे, कारण तो प्रश्न उलटतपासणीसारखा वाटतो. त्याऐवजी ‘मला त्याविषयी आणखी सांग’ असे म्हणावे. आमच्या मंडळात आम्ही हेच करून पाहतो आहोत. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची एक गोष्ट वाचली, तेव्हा मुलांना कोडे पडले ते चोराचे नव्हतेच. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला एवढासा मुलगा सायकलवरून शहरभर एकटा फिरतो आणि त्याला कोणी अडवत नाही, हे त्यांना पटेना. त्यावरून तेव्हाचे पुणे कसे होते, रस्त्यावर गाड्या किती असतील, आपल्याला एकट्याने कोठवर जाऊ देतात आणि मुलींना त्याहून कमी का, असे बोलणे वाढत गेले. असे बोलणे कोणत्याही स्वाध्यायात छापता आले नसते.

आपापले अनुभव लिहावेत. विरोधी मतांचे विशेष स्वागत आहे.

निवांत

विरोधी मत मागितले आहे म्हणून लिहितो. मुलांना मोठ्यांपासून लपून करता येण्यासारख्या फार थोड्या गोष्टी आता उरल्या आहेत आणि वाचन ही त्यांतली एक आहे. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक स्वतः शिक्षक होते. त्यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले आणि त्यांतला शेवटचा हक्क गप्प बसण्याचा आहे, म्हणजे जे वाचले त्याविषयी कोणालाही काही न सांगण्याचा. मी लहानपणी ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ माळ्यावर बसून वाचली. तेव्हा कोणी मला खाली बोलावून ‘कशाचे कोडे पडले ते सांग’ असे म्हटले असते, तर मी वाचणेच सोडले असते. बोध विचारणारा पालक आणि कोडे विचारणारा पालक यांच्यात तुम्हाला जो फरक दिसतो, तो माळ्यावरच्या मुलाला दिसेलच असे नाही. दोघेही दाराशी उभे असतात.

खडूफळा

निवांत यांचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु तो ज्याच्या घरी पुस्तके आहेत आणि माळाही आहे अशा मुलाचा आहे. मी धुळे जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद म्हणजे दिनदर्शिका आणि किराणा बांधून आलेले वर्तमानपत्र. या मुलांना पुस्तकाबरोबर एकटे सोडले तर ती पाने उलटतात, चित्रे पाहतात आणि पुस्तक जागेवर ठेवून देतात. त्यांच्याबरोबर बसून वाचणारे आणि बोलणारे माणूस असल्याखेरीज त्यांचे वाचन सुरूच होत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते आणि पुस्तके प्रमाण मराठीत असतात. गोष्ट त्यांना समजते, पण तिच्याविषयी प्रमाण मराठीत उत्तर द्यायचे म्हटले की वर्ग गप्प होतो. मी एकदा ठरवले की गोष्टीविषयीचे बोलणे ज्याला ज्या भाषेत करायचे असेल त्या भाषेत करावे. एरवी पाठच्या बाकावर मान खाली घालून बसणारी मुले त्यानंतर गोष्टीतल्या सावकाराविषयी, बैलाविषयी, पावसाविषयी इतके तपशील सांगू लागली की लेखकानेही ऐकत राहावे. शुद्धलेखन आणि प्रमाण भाषा शिकवायची असते, ती मी शिकवतोही; ते काम गोष्टीच्या तासाला करायचे नाही, एवढेच पथ्य पाळतो.

तिसरी अडचण प्रतींची. एका पुस्तकाची एकच प्रत आणि वर्ग मोठा. मोठ्याने वाचून दाखवणे हा त्यावरचा उपाय आहे. माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ हे शब्दांवाचूनचे पुस्तक मी बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे अनेक इयत्तांना एकत्र शिकवताना, वापरतो, कारण त्यात पहिलीच्या आणि चौथीच्या मुलाला बोलण्याची सारखीच मुभा मिळते. ज्याला वाचता येत नाही तो त्या तासापुरता मागे पडत नाही.

जाता जाता एक सांगतो. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. हेतू उत्तमच आहे. मात्र त्या दिवशी पुस्तके हातात धरलेल्या मुलांची जेवढी छायाचित्रे निघतात, त्याच्या काही अंशाने जरी पुस्तकांविषयी बोलणे झाले, तरी मी तो दिवस वसूल समजेन.

अक्षरवेळ

निवांत, तुमची हरकत रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्या मंडळात ज्याला बोलायचे नाही त्याने बोलू नये हा पहिला नियम आहे. एक मुलगी कित्येक रविवार येऊन केवळ ऐकून जात असे आणि तिला कोणी काही विचारले नाही. मात्र इतरांचे बोलणे ऐकणे हाही त्या बोलण्यात भाग घेण्याचाच प्रकार आहे असे मला वाटते. आपल्याला जे दिसले नाही ते शेजारच्या मुलाला दिसले, हे कळण्यासाठी स्वतः बोलावेच लागते असे नाही. शिवाय पेनाक स्वतः वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याचे कट्टर पुरस्कर्ते आहेत, हे विसरता कामा नये. त्यांचा विरोध वाचनाची वसुली करण्याला आहे.

बालमानस

थोडी शास्त्रीय भर घालते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले होते आणि दोन्ही गटांतील पालक मुलांना चित्रपुस्तके जवळपास सारख्याच वेळा वाचून दाखवत होते. फरक एवढाच होता की एका गटाला मोकळे प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत त्याच्यापुढे ठेवायला आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडे सोपवायला शिकवले होते. महिनाभराने या गटातील मुले बोलण्याच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे होती. वाचनाची वेळ सारखीच असल्यामुळे फरक पडला तो बोलण्याच्या पद्धतीने, हा निष्कर्ष त्यामुळे भक्कम ठरला आणि पुढे या पद्धतीवर बरेच काम झाले.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. हे संशोधन लहान मुलांच्या भाषाविकासाचे आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाशी कादंबरीविषयी बोलण्याचे मोल शब्दसंख्येत मोजता येत नाही आणि मोजूही नये.

दूरदेशी

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला मराठी समजते, देवनागरी अडखळत वाचता येते, पण बोलतो तो इंग्रजीत. खडूफळा यांचा भाषेचा मुद्दा वाचून बरे वाटले, कारण आमच्याकडे नेमके तेच घडते: गोष्ट मराठीत आणि तिच्याविषयीचे बोलणे इंग्रजीत. ‘मराठीतच बोल’ असा आग्रह धरला की बोलणे थांबते.

माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या सासूबाईंनी मोठ्या प्रेमाने ‘श्यामची आई’ पाठवले. रोज थोडे थोडे मी वाचून दाखवले. श्याम पोहायला जायला घाबरतो आणि लपून बसतो, तेव्हा आई त्याला शिंपटीने मारते, त्या भागाशी मुलगा थांबला. त्याच्या दृष्टीने हे सरळसरळ गैरवर्तन आहे, आणि शाळेत त्यांना असे काही घरी घडले तर सांगावे असे शिकवलेले आहे. त्या मारामागे आईचे प्रेम होते हे मी समजावत राहिले आणि तो अधिकच ठाम होत गेला. शेवटी त्याने विचारले की आजीला हे पुस्तक इतके का आवडते. मला उत्तर देता आले नाही. अशी पुस्तके मुलांना द्यावीत की नाही, असा विचार आता मनात येतो.

अक्षरवेळ

दूरदेशी, तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न या धाग्यातील सर्वांत चांगला प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले. आपण सगळे त्याच्याकडे आईच्या महतीचे पुस्तक म्हणून पाहतो, आणि त्या नादात त्याची रचना आपल्या नजरेतून सुटते. त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. मोठा झालेला श्याम आश्रमात रोज रात्री मित्रमंडळींना आईची एकेक आठवण सांगतो, ती मंडळी ऐकतात, मध्येच बोलतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जमतात. म्हणजे गोष्ट सांगणे, ती अनेकांनी मिळून ऐकणे आणि तिच्याविषयी बोलणे हे सारे त्या पुस्तकात आधीपासूनच आहे. साने गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने कथामाला सुरू झाली आणि गावोगावी मुलांना गोष्टी सांगितल्या गेल्या, तीही याच रीतीला धरून. आज आपण ते पुस्तक मुलाच्या हाती देऊन ‘वाच आणि आईची महती समजून घे’ असे म्हणतो, तेव्हा आश्रमातली ती बैठक आपण काढून टाकलेली असते.

आता माराविषयी. मला वाटते, आईचा बचाव करण्याची जबाबदारी आपण अंगावर घेऊ नये. पुस्तकातला श्याम आईवर कितीही प्रेम करीत असला तरी वाचणाऱ्या मुलाने तिच्याशी सहमत झालेच पाहिजे असा करार झालेला नाही. मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्यावर पुन्हा पुस्तकाकडेच वळावे: आईला नेमकी कशाची भीती वाटत होती? मुलाला लोक भित्रा म्हणतील याची तिला इतकी चिंता का? तिच्याजागी बाबा असते तर आपल्याला ते वेगळे वाटले असते का? आणि मोठा झालेला श्याम ही आठवण तक्रार म्हणून का सांगत नाही? या शेवटच्या प्रश्नाचे ठरीव उत्तर माझ्याकडे नाही, म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो. आमच्याकडे एका मुलाचे म्हणणे पडले की श्याम आईची बाजू घेतो कारण आई आता नाही. दुसरीचे म्हणणे असे की मार खाल्लेली माणसे नेहमी असेच सांगतात. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे.

आजीला पुस्तक का आवडते, हा प्रश्न मात्र मुलाने आजीलाच विचारावा. दूरध्वनीवर, आणि आजीचे मराठी व त्याचे इंग्रजी अशा सरमिसळीत. उत्तर कदाचित पुस्तकाविषयी नसेलही. आजीच्या आईविषयी असेल, त्या घरातील गरिबीविषयी असेल, किंवा तिने ते प्रथम कोणाकडून ऐकले त्याविषयी असेल.

जुनी पुस्तके मुलांना द्यावीत की नाही, यावर माझे मत असे की ज्या पुस्तकांविषयी आपली त्यांच्याशी बोलण्याची तयारी आहे ती अवश्य द्यावीत. जात, मुलींचे स्थान, नोकरांशी वागणे, रंगावरून होणारी थट्टा, असे पुष्कळ काही जुन्या बालसाहित्यात निमूटपणे पडून आहे. ते गाळून नव्या आवृत्त्या काढण्यापेक्षा मुलांना ते दिसू द्यावे आणि त्यांनी बोट ठेवले की आपण सारवासारव करू नये.

पानगळ

सगळी चर्चा गोष्टींची चालली आहे, म्हणून कवितेविषयी चार शब्द. कवितेवर चर्चा कृपया करू नका. विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ १९६३ चा. तेथे सारेच उफराटे चालते आणि मुले ते ऐकताना खदखदून हसतात. ‘कवीला येथे काय सांगायचे आहे’ हा प्रश्न त्यानंतर ज्याने विचारला, त्याने त्या दिवसाचे वाटोळे केले असे समजावे. कवितेला उत्तर द्यायचे ते कवितेनेच. आम्ही मुलांना त्या देशातले आणखी एखादे नवे खाते काढायला सांगतो: तेथील पोस्ट कसे चालेल, तेथील रेल्वे, तेथील परीक्षा. कडवी वेडीवाकडी होतात, यमके ओढूनताणून जुळवलेली असतात, पण कवीने काय युक्ती केली आहे हे त्यांना जितके त्यातून कळते तितके कोणत्याही रसग्रहणातून कळत नाही. पाठांतरालाही माझा विरोध नाही. तालात म्हटलेली कविता मुलाच्या जिभेवर राहते, अर्थ सावकाश येतो.

निवांत

पानगळ यांच्याशी पूर्ण सहमत. अक्षरवेळ यांचे उत्तर आवडले, तरीही माझी शंका फिटलेली नाही. तुमच्या मंडळात मुले आपणहून येतात आणि तुम्ही ऐकून घेणाऱ्या आहात. हीच पद्धत उद्या एखाद्या परिपत्रकातून शाळाशाळांत गेली, तर ‘कशाचे कोडे पडले? दोन वाक्यांत लिहा, गुण २’ असे होण्यास किती दिवस लागतील? मुक्त प्रश्नाचे गुण ठरले की तो मुक्त राहत नाही. मला या पद्धतीची भीती नाही, तिच्या यशाची भीती आहे.

खडूफळा

निवांत, ही भीती खरी आहे आणि शिक्षक म्हणून मला तुमच्याहून जास्त आहे. म्हणूनच माझ्या वर्गात गोष्टीच्या तासाची नोंद वहीत होत नाही. कोणी तपासायला आले तर दाखवण्यासारखे माझ्याकडे काही नसते. ते मी चालवून घेतो.

नवखी_आई

धागा पूर्ण वाचला. माझी मुलगी दुसरीत आहे आणि आमच्या इमारतीतील पाच-सहा मुलांना जमवून असे काही सुरू करावे असे वाटते. घरी पुस्तके फारशी नाहीत आणि मला कोणतेही प्रशिक्षण नाही. सुरुवात कशी करावी?

अक्षरवेळ

प्रशिक्षण नाही हे चांगलेच आहे, शिकवण्याचा मोह कमी होईल.

दुसरीच्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ घ्या. छोट्या पुस्तिकांचा संच आहे. राधा आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते, त्यामुळे ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्या घराविषयी काहीतरी सांगायचे असतेच. संच विकत घेणे जमत नसेल तर स्टोरीवीव्हरवरची एखादी छोटी मराठी कथा मोठ्या पडद्यावर दाखवली तरी चालते. आधी स्वतः दोनदा मोठ्याने वाचून पाहा, कारण अडखळत वाचले की मुले पांगतात. वाचताना बोट फिरवून शब्द दाखवू नका, मुलांना चित्रे नीट पाहू द्या, आणि पान उलटण्याची घाई करू नका. वाचून झाल्यावर काहीच विचारू नका. थोडा वेळ गप्प बसा. बहुतेक वेळा एखादे मूल आपणहून काहीतरी म्हणते, आणि ते पुष्कळदा गोष्टीच्या दृष्टीने अगदीच किरकोळ असते, कोपऱ्यातल्या मांजराविषयी किंवा कोणाच्या तरी चपलेविषयी. तेथूनच बोलायला लागा. कोणीच बोलले नाही, तर तुम्हाला स्वतःला काय आवडले ते एका वाक्यात सांगा आणि तीच गोष्ट पुन्हा वाचा. या वयाला तीच गोष्ट पुन्हा ऐकणे हवेच असते.

खाऊ शेवटी ठेवा, आधी दिला तर पुस्तकांना तेलकट बोटे लागतात.

पाचवीच्या पुढील मुलांसाठी ‘किशोर’च्या जुन्या अंकांतून काय निवडावे, हे पानगळ यांनी येथे लिहावे अशी विनंती करते. त्या अंकांतील कविता त्यांनी आमच्यापेक्षा जास्त वाचलेल्या आहेत.